गिळलेला खोकला

माझ्या आईला खोकला गिळता यायचा. गमतीनं सांगत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारीत राबलेल्या, तिच्या वयाच्या बहुतेक बायकांना ते येतं. घशात खवखव उठली की जीभ टाळ्याला घट्ट लावायची, गालात धरलेला गुळाचा खडा चोखायचा, नाकातोंडावर पदर ओढायचा आणि डोळ्यांत पाणी आलं तरी छाती हलू द्यायची नाही. सकाळी वखारीच्या दारात बायका उभ्या राहायच्या, मुकादम त्यांच्यासमोरून फिरत यायचा आणि जी खोकली ती त्या दिवशी घरी जायची. "हिला टीबी दिसतुया, बाकीच्यास्नी लागंल," एवढं तो म्हणाला की विषय संपला. म्हणजे दिवसभर तंबाखू कुटायची, चाळायची, ती भुकटी नाकातोंडात घ्यायची आणि वर खोकायचं मात्र नाही. असला तो न्याय. आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्हा भावंडांनाही तिनं हे शिकवलं होतं. शाळेतून भिजून आले आणि रात्री खोकायला लागले की अंधारातून तिचा आवाज यायचा, "गीळ गं." त्यात राग नसायचा. चालायला शिकवावं तसं ती शिकवत होती.

पुढं आम्ही शिकलो. अण्णा, माझा थोरला भाऊ, निपाणीतच बँकेत लागला आणि त्यानं स्लॅबचं घर बांधलं. मी बेळगावला नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि टिळकवाडीत एका अपार्टमेंटमध्ये राहते. आई अण्णाकडे असते. वखार सुटून जमाना झाला, मिश्री तेवढी सुटली नाही. सकाळी तळहातावर मिश्री घेऊन ती पायरीवर बसली की अर्धा तास कुणाचं ऐकायची नाही. मी बोलायचे, ती मान डोलवायची आणि घासत राहायची.

एकदा चक्कर आली म्हणून अण्णानं तिला डॉक्टरकडे नेलं, तेव्हा बीपी चांगलंच वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. डॉक्टर काय म्हणाले, तर "रोज सकाळी एक. बंद करायची नाही." बस. बाहेर पेशंटची रांग होती हे मला मान्य आहे. पण एक वाक्य आणखी बोलायला काय जात होतं? "या गोळीनं कोरडा खोकला येऊ शकतो, आला तर सांगा, दुसरी देतो." दहा माणसांतल्या एखाद्याला तो येतोच म्हणा ना, आणि बायकांना जरा जास्तच. हे मी मुलींना पहिल्याच वर्षाला शिकवते.

गोळी सुरू झाल्यावर आई माझ्याकडे राहायला आली होती. स्वयंपाकघरात लसूण सोलता सोलता तिनं विचारलं, "ह्या गोळीनं नेमकं हुतंय काय गं?" मला शिकवायची खोड आहेच. मी सांगितलं, की शिरा आवळणारा एक पदार्थ आपल्या अंगात तयार होतो, ही गोळी तो होऊ देत नाही. म्हणून शिरा सैल पडतात आणि दाब उतरतो. पण तेवढंच नाही. शिरेच्या आत रक्ताच्या बारीक गुठळ्या अधूनमधून होत असतात, आणि त्या विरघळवणारी माणसं शिरेच्या भिंतीतच राहतात. त्यांना कामाला सोडायचं नाही म्हणून अडवणारा एक मुकादमही तिथं असतो. शिरा आवळणारा पदार्थ वाढला की त्या मुकादमाचा जोर वाढतो. गोळी घेतली की तो जरा नरमतो, आणि गुठळ्या विरघळवणारी माणसं मोकळेपणी बाहेर पडतात.

आईनं सुरी खाली ठेवली. "रगतात बी मुकादम?"

"व्हय."

"मेला तिथंबी हायच म्हण की." आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

तेव्हाच मी विचारलं होतं, "आये, खोकला येतोय का कोरडा?" ती म्हणाली, "न्हाय बा." नंतर फोनवरही दोनचारदा विचारलं. "न्हाय गं, कसला खोकला?" तिच्या सगळ्या आयुष्यात खोकल्याची चौकशी करणारा माणूस म्हणजे कामावरून घालवणारा माणूस. मी कितीही पोटची असले तरी विचारत होते मुकादमाचाच प्रश्न. तिनं मुकादमाला द्यायचं उत्तर मला दिलं.

खोकला येत होता. चांगला सणसणीत येत होता, हे मला वहिनीकडून फार उशिरा कळलं. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की वखारीतली जुनी तंबाखू आता छातीतून निघतेय. निपाणीत म्हातारी बाई खोकली तर कुणी दुसरं कारण शोधतच नाही. "वखारीचा खोकला" म्हटलं की झालं. मग आल्याचा रस, हळदीचं दूध, दुकानातून बाटल्यांवर बाटल्या औषध. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खोकला त्या गोळीचा होता. ती गोळी अंगातला आणखी एक पदार्थ टिकवून ठेवते. तोच घशात खवखव करतो, आणि तोच शिरेच्या भिंतीला सांगतो की गुठळी विरघळवणाऱ्यांना बाहेर सोड. खोकला आणि ती गुठळ्यांची झाडलोट, दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ. माणसाला या झाडलोटीचा प्रत्यक्षात किती फायदा होतो यावर जाणकारांत अजून वाद आहेत, तेही मी मुलींना सांगते. पण दाब ताब्यात राहतो यावर कुणाचाच वाद नाही. आणि खोकला न आणणारी, दाब तेवढाच उतरवणारी दुसरी गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते यावरही नाही. एका वाक्याचं काम होतं.

मग भाचीला पाहायला पाहुणे यायचं ठरलं. भाची म्हणजे अण्णाची मुलगी, इंजिनिअर, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते. मुलगाही इंजिनिअर, गडहिंग्लजकडचा. पोरांनी एकमेकांशी फोनवर बोलून आधीच जमवलं होतं, आता फक्त थोरामोठ्यांनी पोहे खायचे बाकी होते. आमचं घर विहारात जाणारं. अण्णा सभेत उभा राहून समतेवर बोलतो आणि बरं बोलतो. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. तोच अण्णा पाहुणे यायच्या आधी आईच्या खाटेजवळ बसला आणि म्हणाला, "आये, पाव्हणं येत्यात. त्यंच्याम्होरं खोकू नगंस, बोलू बी नगंस, बोललं की उबळ येतीया. घरात टीबी हाय म्हणत्याल."

"न्हाय खोकत," आई म्हणाली.

आणि खोकू नये म्हणून तिनं गोळी बंद केली. मध्यंतरी कधीतरी गोळ्या संपल्या होत्या आणि आणायला उशीर झाला होता, तेव्हा खोकला उतरला होता, हे तिच्या ध्यानात राहिलं होतं. तिनं वहिनीला सांगितलं, वहिनीनं अण्णाला. अण्णा म्हणाला, "चार दिस न्हाय खाल्ली तर काय हुतंय? पाव्हणं गेलं की खाईल." काय होतंय! बँकेत एक सही चुकली तर माणसाला तीन वेळा परत पाठवणारा हा माणूस, आईच्या रक्ताचा हिशेब मात्र अंदाजानं करतो. पाहुण्यांची तारीख एकदा पुढं गेली. चार दिवसांचे पुष्कळ दिवस झाले. गोळी बंदच राहिली. खोकला पूर्ण थांबला आणि घरात सगळे खूश झाले.

त्या दिवशी मला परीक्षेचं काम होतं. मी निपाणीला पोचले तेव्हा पाहुणे चपला घालत होते. मुलाची आई दारातच वहिनीचा हात धरून म्हणाली, "आजी लई शांत हायत हो तुमच्या. आमच्यात म्हाताऱ्या नुसत्या बडबडत्यात. असं थोरलं माणूस घरात पायजे." अण्णा कृतार्थ हसला. मी नमस्कार करून आत गेले.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. निळं नऊवारी, डोक्यावर पदर. उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबत होता. वहिनीनं तिला दिलेला पेढा लुगड्याच्या घोळात पडला होता. तोंडाचा उजवा कोपरा उतरला होता आणि तिथून लाळ पदरावर आली होती. मी म्हटलं, "आये." तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळत होतं, हे डोळ्यांवरून दिसत होतं. तोंडातून शब्द काही आला नाही.

मी किंचाळले. बाहेर पाहुण्यांची गाडी सुरू होत होती. आणि अण्णा धावत आत येऊन काय म्हणावा? "हळू. अजून गेलं न्हाईत."

हे वाक्य मी त्याला आजतागायत माफ केलेलं नाही. करणारही नाही.

कोल्हापूर जवळ पडतं, पण आमचं आरोग्य कार्ड कर्नाटकातलं. सीमेवरच्या माणसाला आजारी पडतानाही आधी आपण कुठल्या राज्यात आहोत ते बघावं लागतं. रक्ताच्या गुठळीला ते काही माहीत नसतं. गाडी बेळगावच्या रस्त्याला लागली आणि ओळखीच्या हॉस्पिटलला मी फोन करून ठेवला. संकेश्वर गेलं, हत्तरगीचा टोलनाका गेला. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी तिला म्हणत होते, हात दाब माझा. ती डाव्या हातानं दाबत होती.

दारात सगळे तयार होते. मेंदूचा फोटो निघाला. डॉक्टरीण तरुण होती आणि भराभर बोलत होती. डाव्या बाजूला गुठळी आहे, रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक वेळेच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सांडू शकतं. "मला एक सांगा, शेवटचं नीट कधी बोलल्या या?"

आम्ही आठवायला लागलो.

दुपारी? पाहुण्यांसमोर बोलली नव्हती. ती बोलू नये अशीच तर घराची इच्छा होती. पोहे आले तेव्हा? तिनं मान हलवली होती. पाहुणे पाया पडले तेव्हा? हात वर केला होता. कुठला हात? कुणाला आठवेना. ती गप्प बसली म्हणून भरलेल्या घरात सगळे तिच्यावर खूश होते, आणि तिच्या मेंदूत त्याच वेळी गुठळी अडकून बसली होती. ती आज्ञेनं कधीपर्यंत गप्प होती आणि बोलता येईना म्हणून कधीपासून गप्प होती, हे सांगणारं त्या घरात एकही माणूस नव्हतं. शेवटी वहिनी रडत म्हणाली, "सकाळी आंघुळीला जाताना इचारलं हुतं त्यांनी. कंचं लुगडं नेसू म्हणून."

डॉक्टरीण घड्याळाकडे बघून म्हणाली, "मग वेळ टळून गेली." मग तिनं बीपीचं यंत्र दाखवलं. दाब इतका होता की नुसत्या तेवढ्यासाठीही इंजेक्शन अडलं असतं. "बीपीची गोळी चालू आहे ना?"

अण्णा म्हणाला, "व्हय, चालू हाय की."

तिथंसुद्धा! आई स्ट्रेचरवर, तोंड वाकडं, आणि तिथंसुद्धा ह्याला घराची अब्रू. वहिनी खाली बघून म्हणाली, "न्हाय हो. बंद केलीया. गोळी खाल्ली की खोकला यायचा, पाव्हण्यांम्होरं येऊ नगं म्हणून." मी अण्णाकडे वळले आणि त्या सगळ्या लोकांसमोर, नर्सेससमोर, माझ्या दोन विद्यार्थिनी तिथं ड्युटीला होत्या त्यांच्यासमोर, मला जे बोलायचं ते बोलले. वखारीतला मुकादम मेला असं मला वाटत होतं, तो आमच्याच घरात स्लॅब टाकून राहतोय, असं म्हणाले. आणखीही म्हणाले, ते इथं लिहीत नाही. 

इंजेक्शन मिळालं नाही. दाब हळूहळू उतरवला, बाकीची औषधं दिली. गुठळी विरघळवायची ती आता आईच्या अंगातल्या त्याच माणसांनी, जेवढी होतील तेवढी. वर्गात फळ्यावर मी त्यांची चित्रं कितीदा काढली असतील. तिथं खाटेच्या कडेला बसून मी मनातल्या मनात त्यांची विनवणी करत होते, आणि मला स्वतःचा संतापही येत होता, की एवढं शिकून शेवटी विनवणीच करायची होती तर मग शिकलीस कशाला?

ती वाचली. उजवा हात गेला, पाय थोडा राहिला, बोलणं गेलं. पण खरी भीती दुसरीच होती, घशाची. नाकातून नळी घातलेली होती आणि दूध, पाणी सगळं तिच्यातून. तोंडानं दिलं आणि ते चुकून श्वासनळीत गेलं, तर खोकून बाहेर टाकता आलं पाहिजे. नाही आलं तर न्यूमोनिया, आणि तिच्या वयाला न्यूमोनिया म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. ती धडपणे खोकते का, आता सगळं त्यावर येऊन ठेपलं होतं. जी गोष्ट करू नकोस म्हणून साऱ्या जन्मभर तिला बजावलं, तिच्यावर.

घशाचे व्यायाम घेणारी बाई कानडी होती, धिप्पाड आणि प्रेमळ. आईला वखारीपासून कानडी कळतं. ती बाई खाटेवर वाकून म्हणायची, "अज्जी, केम्मरी. जोरागी केम्मरी." म्हणजे जोरात खोका, आणि स्वतः मोठ्यांदा खोकून दाखवायची. आई तिच्याकडे टक लावून बघायची. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईनं माझ्याकडे बघून मान हलवली. खोकला येत नाही, नळी राहू दे, म्हणाली.

पुढच्या वेळी मी बाईकडे न बघता आईकडेच बघत राहिले. "अज्जी, केम्मरी." आईची छाती भरली. मानेच्या शिरा उठल्या. आणि डावा हात आपोआप खांद्याकडे गेला, पदर शोधायला. हॉस्पिटलच्या झग्याला पदर नसतो. मग तिनं चादरीचं टोक ओढून तोंडावर दाबलं, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि छाती हळूहळू खाली बसली.

"येतोय," मी ओरडले. "तिला खोकला येतोय! ती गिळतेय!"

बाईला कळेना. मी आईच्या तोंडावरची चादर ओढू लागले, तर ती सोडेना. एका हाताची ताकद तेवढी, पण सोडेना. मी तिला म्हटलं, आये, खोक गं, कुणी काही म्हणत नाही, इथं कुणी नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या पाठीमागं दाराकडे बघत होती. दारात अण्णा उभा होता.

गडहिंग्लजहून पसंतीचा निरोप आल्याचं त्यानं मला बाहेर सांगितलं होतं, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. त्या निरोपालाही भाचीनं फोनवर परस्पर उत्तर देऊन टाकलं होतं, "आमची आजी खोकते. चालत असेल तर बघा." तिचं पुढं काय व्हायचं ते होईल. त्या घडीला आईचे डोळे अण्णावर होते आणि त्यांत परवानगी मागितलेली होती. मुकादमाकडे मागतात तशी. एवढं सगळं होऊनही. मला त्याला धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं, पण मी काही करायच्या आत तो आत आला. खाटेच्या कडेला बसला. तिची बोटं एकेक करून चादरीवरून सोडवली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला. 

"आये," तो म्हणाला, "खोक आता. पाव्हणं गेल्यात."

आईनं एकदा दाराकडे बघून खात्री करून घेतली. मग ती खोकली. वखारीतले, गोळीचे, आमच्यासाठी गिळलेले सगळे खोकले एकदम बाहेर पडावेत तशी खोकली, आणि थांबेना. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

बघू देत.